खोळंब्याचे वतनदार

रेल्वेगाडी बंद पडली की सर्व प्रवासी सारखेच, हा समज आमच्या ठाणे शहरात फार जुना असून त्याला जुनेपणाचा अधिकारही आहे. कारण या देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघाली ती आमच्याच गावी येऊन थांबली, आणि गाडी थांबणे या घटनेचा अनुभव ठाणेकरांच्या पदरी तेव्हापासून जमा होत आला आहे. त्या गाडीच्या चौदा डब्यांत सुमारे चारशे निमंत्रित मंडळी विराजमान झाली होती, आणि निमंत्रण नसलेली प्रजा रुळांच्या दुतर्फा उभी राहून तो चमत्कार पाहत होती. म्हणजे बसावे कोणी आणि कडेला उभे राहावे कोणी, याची वाटणी पहिल्याच दिवशी बिनबोभाट पार पडली होती. पुढे लोकलगाडीने ती वाटणी पुष्कळशी मोडून काढली, हे तिचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात, सकाळी साडेआठच्या सुमारास, बँकेतील अधिकारी, गवंड्याच्या हाताखालचा मजूर, पदव्युत्तर विद्यार्थी आणि चष्म्याच्या दुकानातील विक्रेता हे चौघे जेव्हा एकमेकांच्या बरगड्यांना आधार देत उभे असतात, तेव्हा कोणाचा हात कोणाच्या खांद्याचा आणि कोणाचा घाम कोणाच्या सदऱ्याचा, याचा निवाडा दिवाणी न्यायालयालाही करता येणार नाही. पहिल्या वर्गाचा डबा आहे, नाही असे नाही. पण तेथेही चेंगरण्याची प्रत तीच, फक्त दर निराळा.

तेव्हा चालू लोकल ही समतेची संस्था आहे, हे मी आनंदाने कबूल करतो. माझी फिर्याद बंद लोकलविषयी आहे.

बंद लोकलचा सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. (पश्चिम रेल्वेवरील मंडळींनी स्वतःचा वेगळा बाणा राखण्यासाठी त्याला जम्बोब्लॉक असे नाव दिले आहे, खोळंबा मात्र त्याच वाणाचा.) शनिवारच्या वर्तमानपत्रांतून त्याचे वेध लागतात, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास तो लागतो आणि दुपारी चारच्या सुमारास सुटतो, आणि मधल्या अवधीत अमुक मार्गावरील प्रवाशांस तमुक मार्गाने प्रवास करण्याची मुभा राहील, असा उदार हुकूम जारी होतो. तो तमुक मार्ग प्रवाशाच्या घराजवळून जातो की नाही, ही बाब किरकोळ समजून रयतेवर सोपविलेली असते. रविवारच्या या विधीची सवय झालेल्या माणसाला बाहेर पडायचे नसेल तर त्रास होत नाही, आणि रविवारी ज्याला बाहेर पडावे लागत नाही तोच या विधीविषयी सर्वांत समंजसपणे बोलतो, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे.

परंतु ३० मे २०२४ ची रात्र उलटताच मध्य रेल्वेने ठाणे स्थानकात पाच आणि सहा क्रमांकांच्या फलाटांचे रुंदीकरण करण्यासाठी जो ६३ तासांचा ब्लॉक घेतला, त्याने हा समंजसपणा कसोटीला लावला. त्याच सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसातही चोवीस डब्यांच्या गाड्यांसाठी फलाट लांबविण्याचे काम निघाले, आणि दोन्ही मिळून लोकलच्या ९३० फेऱ्या रद्द झाल्या: शुक्रवारी १६१, शनिवारी ५३४ आणि रविवारी २३५. काम अत्यंत आवश्यक होते, याविषयी दुमत नाही. त्या अरुंद फलाटावर संध्याकाळी ज्याने पाय ठेवला आहे, किंवा ठेवायला जागा शोधली आहे, त्याला रुंदीकरणाचे महत्त्व पटवून देण्याची जरुरी नाही. एसटीने आणि शहरांच्या परिवहन उपक्रमांनी जादा बसगाड्या सोडल्या. रेल्वेने अगोदरच आवाहन केले होते की, आवश्यक असेल तरच प्रवास करावा आणि आस्थापनांनी आपल्या नोकरवर्गास घरून काम करू द्यावे. सल्ला शहाणपणाचाच होता. मात्र रखवालदाराने दुसऱ्याच्या इमारतीची राखण स्वतःच्या घरून कशी करावी, रुग्णालयातील आयाने रुग्णाची कूस घरबसल्या कशी बदलावी, आणि दिव्यात बसून नौपाड्यातील पोळ्या कशा लाटाव्यात, या तीन मुद्द्यांवर त्या आवाहनात काही मार्गदर्शन आढळले नाही.

आता दिवा आणि नौपाडा यांचा उल्लेख आलाच आहे, तर ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीचे थोडे वर्णन करणे प्राप्त आहे. या हद्दीच्या एका टोकाला घोडबंदर रस्ता आहे, जेथे तीस-तीस मजल्यांचे मनोरे असून त्यांची नावे युरोप खंडातील नगरांवरून आणि फुलांवरून ठेवलेली आहेत. दुसऱ्या टोकाला, खाडीपलीकडे, कळवा आणि मुंब्रा ओलांडून दिवा आहे, जेथील चाळींना बहुधा त्यांच्या बांधकाम व्यावसायिकाच्या मातोश्रींचे नाव असते. घोडबंदर रस्त्यावर रेल्वे स्थानक मुळी नाहीच. दिव्यात मात्र रेल्वे स्थानकावाचून दुसरे फारसे काही नाही. तेथून ठाण्यास रेल्वेने यावे तर पाच रुपयांचे तिकीट आणि हाताची बोटे मोजण्याइतकी मिनिटे पुरतात, आणि रस्त्याने यावे तर शिळफाट्याचा वळसा, मुंब्रा बायपासवरील अवजड मालमोटारींची मिरवणूक आणि अर्ध्या दिवसाची निश्चिती. यावरून कोणीही सरळमार्गी माणूस असे अनुमान करील की, रेल्वे बंद पडली असता भाड्याच्या गाड्या दिव्याकडे धावल्या पाहिजेत, कारण अडला आहे तो दिवेकर. घोडबंदरकराचे तर रेल्वेवाचून एरवीही चाललेच आहे. सरळमार्गी माणसाची अनुमाने चुकण्यासाठीच असतात. ज्याच्या दारी रेल्वे कधी आली नाही त्याच्याच दारी रेल्वेचे सर्व पर्याय हात जोडून उभे असतात, असा या प्रांतीचा न्याय आहे.

आमचे साडूबंधू घोडबंदर रस्त्यावर अठ्ठाविसाव्या मजल्यावर राहतात. त्या शनिवारी त्यांचा दूरध्वनी आला, तो अत्यंत विषण्ण स्वरात. “अहो, काय ही अवस्था! ॲपवर गाडी सात मिनिटं दाखवतेय. एरवी चार मिनिटांत येते.” मी यथोचित हळहळ व्यक्त केली. ते पुढे म्हणाले, “आणि भाडं बघाल तर कितीतरी वाढवलेलं! लूट आहे नुसती.” हे वाक्य उच्चारताना ते गाडीत बसत होते, कारण पाठोपाठ दार लागल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. लुटीविषयी लुटणाऱ्याच्याच गाडीत वातानुकूलित आसनावर बसून बोलणे, हा मानवी वाणीचा एक प्रगत आविष्कार आहे. त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद करतो की, ती गाडी पुढे मेट्रोच्या कामासाठी उभारलेल्या पत्र्यांच्या भिंतीत अडकून माजिवड्यापर्यंत दीड तास रांगत गेली. खोळंबा त्यांचाही झाला. पण तो बसून झाला. आणि खोळंब्याचा इतिहास लिहिताना बसलेला आणि उभा असे दोन भाग पाडल्यावाचून गत्यंतर नाही.

उभ्या खोळंब्याचे दर्शन घडविले ते आमच्या घरी पोळ्या करणाऱ्या मावशींनी. त्या दिव्याला राहतात. शुक्रवारी त्या आल्या नाहीत, आणि आमच्या नौपाड्यातील इमारतीत त्या दिवशी रेल्वेच्या खोळंब्याची वार्ता सर्वांना जी कळली ती वर्तमानपत्रातून नव्हे, तर स्वयंपाकघरातून कळली. दुसऱ्या मजल्यावर भांडी तशीच राहिली, तिसऱ्या मजल्यावर आजींना अंघोळ घालणारी बाई आली नाही, आणि चौथ्या मजल्यावरील गृहस्थांनी, ज्यांना स्टोव्ह व गॅस यांतील फरक ऐकून माहीत आहे, स्वतः पिठले केले. या एकूण हलाखीवर चर्चा करताना चार जणांच्या तोंडून एकच उद्गार निघाला: “एवढंच होतं तर रिक्षा करून यायचं!” मे २०२४ मध्ये रिक्षाचे किमान भाडे २३ रुपये होते आणि ते पहिल्या दीड किलोमीटरपुरते होते, तेथून पुढे शिळफाट्याच्या वळशासह नौपाड्यापर्यंत आकडा कोठे जाऊन पोहोचतो, याचा हिशेब त्या चौघांपैकी कोणी केला नव्हता. मावशींनी तो फार पूर्वीच केलेला होता.

येथे त्या ॲपच्या यंत्रणेविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण ती यंत्रणा पक्षपाती आहे असा माझा आरोप मुळीच नाही. उलट तिच्याइतका निःपक्षपाती कारभार पेशवाईतही झाला नसेल. ती शहराचे लहान लहान तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्यात बोलावणारे किती आणि रिकाम्या गाड्या किती हे ताडून पाहते, आणि जेथे बोलावणारे अधिक तेथे दर चढविते. दर चढला की चालकाच्या हातातील नकाशावर तो तुकडा लाल होतो, आणि आसपासच्या गाड्या त्या लालीकडे ओढल्या जातात. यात जात नाही, धर्म नाही, वशिला नाही. अडचण इतकीच की या यंत्रणेला माणसाची निकड दिसत नाही. तिला फक्त त्याने दिलेली हाक ऐकू येते, आणि तीही पैसे मोजण्याच्या तयारीने दिलेली असेल तरच. दिव्यातील मनुष्य ॲप उघडतच नाही, कारण उघडल्यावर काय दिसेल ते त्यास ठाऊक असते. न उघडलेल्या ॲपची नोंद जगातील कोणत्याही दप्तरात होत नाही. नोंद नाही, सबब मागणी नाही. मागणी नाही, सबब गाडी नाही. आणि गाडी नाही, सबब ॲप उघडण्यात अर्थ नाही, अशी ही मिसल आपोआप पूर्ण होऊन निकाली निघते. पुढेमागे कोणी व्यासंगी अभ्यासक केवळ याच दप्तराच्या आधारे त्या ६३ तासांचा नकाशा काढावयास बसला, तर घोडबंदर रस्ता त्यात रक्तबंबाळ दिसेल, दिवा पांढराशुभ्र दिसेल, आणि त्या तीन दिवसांत दिवेकर अत्यंत सुखासमाधानात नांदत होते, असा निष्कर्ष तो विद्वान सप्रमाण काढील.

चालकाला दोष देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि तीत सोय पुष्कळ आहे, कारण एवढ्या मोठ्या व्यवहारात चेहरा असलेला तोच एक. गाडी ठरली की त्याचा दूरध्वनी येतो, “सर, ड्रॉप कुठे आहे?” आणि आपण “दिवा” म्हणालो की पलीकडे जी शांतता पसरते तीत एका धंद्याचे संपूर्ण अर्थशास्त्र सामावलेले असते. एका चालकाने मला ते उलगडूनही सांगितले. “तिकडून परतीचं भाडं मिळत नाही काका. शिळफाट्याला अडकलो की दोन तास गेले, तेवढ्यात इकडं तीन भाडी होतात. गाडीचा हप्ता काय दिवावाले भरणार?” मी विचारले, “तुम्ही स्वतः कुठे राहता?” तो म्हणाला, “दिव्यालाच.” म्हणजे गाडी रात्रभर दिव्यातच उभी असते, पहाटे ती दिव्यातून रिकामी निघते, आणि तिचे ॲप सुरू होते ते खाडीचा पूल ओलांडल्यावर. तिच्या बाजूने त्याच पहाटे कामावर निघालेली शेजारची माणसे चालत जात असतात. आणि हा त्यांतल्या दोघातिघांना पुलापर्यंत फुकट सोडतो, हेही त्याने ओशाळून सांगितले. या फुकट फेरीची नोंदसुद्धा कोठे होत नसणार.

सरकार याबाबतीत स्वस्थ बसलेले नाही. भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि तो इतका जुना गुन्हा आहे की रिक्षाथांब्यावर त्याला आता गुन्हा न मानता शिरस्ता मानतात. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ॲपवरील गाड्यांसाठी जे धोरण मंजूर केले, त्यात गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक आकारू नये, असे बंधन घातले. पाठोपाठ जुलैत केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती मर्यादा दुपटीपर्यंत नेण्याची सवलत दिली. ऐनवेळी फेरी रद्द करणाऱ्या चालकाला दंडाचीही तरतूद झाली. या तरतुदीला चालकवर्गाने दिलेले उत्तर कोणत्याही कायदेपंडिताने टोपी काढावी असे आहे: तो फेरी रद्द करीतच नाही. तो नुसता स्वस्थ उभा राहतो. नकाशावर ती इवलीशी गाडी एका जागी ध्यानस्थ बसलेली दिसते, “तीन मिनिटांत पोहोचेल” हे भाकीत पाऊण तास अढळ राहते, आणि अखेर प्रवासीच वैतागून फेरी रद्द करतो. दीडपटीचे म्हणाल तर ते प्रमाण सर्वांना समान लागू आहे, यात संशय नाही; आमचे साडू दीडपट देऊन घरी पोहोचतात आणि संध्याकाळी त्याची गोष्ट सांगतात, मावशींनी दीडपट दिले तर त्यांची त्या दिवसाची मजुरी घरी पोहोचण्यापूर्वीच संपते. कायद्यासमोर दोघेही एकाच रांगेत आहेत.

याच्या तुलनेत आमची शेअर रिक्षा ही संस्था मला अधिक माणसाळलेली वाटते, आणि हे मी तिच्या चौथ्या सीटवर, म्हणजे चालकाच्या मांडीचा एक चतुर्थांश भाग व्यापून, केलेल्या प्रवासांच्या आधारे सांगतो. ॲपच्या पुष्कळ आधी या मंडळींनी मागणीनुसार वाहन ही कल्पना प्रत्यक्षात आणली होती. फरक इतकाच की रिक्षा भरल्याशिवाय ती हलत नसे. ब्लॉकच्या दिवशी भाव तेथेही चढतात, आणि ॲपपेक्षा निर्लज्जपणे चढतात. परंतु तो भाव सांगणाऱ्याला कान असतात. मावशी आणि त्यांच्या पाच मैत्रिणी त्या शनिवारी एका रिक्षावाल्यासमोर उभ्या राहिल्या. त्याने नेहमीच्या वीस रुपयांचे साठ सांगितले. त्यावर त्या सहा जणींनी त्याच्या रिक्षाच्या पत्र्यापासून त्याच्या कुलशीलापर्यंत जी साग्रसंगीत चौकशी केली, तिचा गोषवारा येथे देण्याजोगा नाही. पण पाच मिनिटांत साठाचे तीस झाले. त्याला दया आली, असे मी म्हणत नाही. सोमवारी गाड्या सुरू झाल्यावर याच सहा जणी याच थांब्यावर उभ्या असणार, आणि त्यापुढचे कितीतरी सोमवार, एवढे त्याने ओळखले. ॲपच्या आकड्याला सोमवारी कोणाला तोंड दाखवायचे नसते.

गाऱ्हाणे मांडण्याच्या रीतीतही अशीच वस्तीनिहाय तफावत आढळते. २ जानेवारी २०१५ रोजी तांत्रिक बिघाडाने मध्य रेल्वे कोलमडली, तेव्हा दिवा स्थानकात प्रवाशांनी रुळांवर उतरून गाड्या रोखल्या, दगडफेक झाली, पोलिसांची वाहने पेटली. त्या प्रकाराचे समर्थन कोणी करणार नाही आणि मीही करीत नाही. परंतु आमचे साडू संतापले की ते चालकाला पाचपैकी एक तारा देतात, आणि तेवढ्याने त्यांना ताबडतोब क्षमायाचनेचा संदेश आणि पुढच्या फेरीवर पन्नास रुपयांची सूट मिळते. ज्याच्या नाराजीला किंमत आहे त्याला दगड उचलावा लागत नाही. त्याचा अंगठा पुरतो.

शेवटी या सर्व प्रकरणाची दखल आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत घेण्यात आली. चौथ्या मजल्यावरील गृहस्थ पिठल्याच्या अनुभवाने पुष्कळ मवाळ झाले होते, आणि त्यांनीच अशी तजवीज मांडली की, यापुढे असा ब्लॉक असेल त्या दिवशी कामाला येणाऱ्या सर्व बायांसाठी संस्थेच्या खर्चाने एक ॲपची गाडी बोलवावी. सूचना टाळ्यांच्या गजरात मान्य झाली. सचिवांनी उत्साहाच्या भरात तेथल्या तेथे मोबाइलवर दिवा ते नौपाडा असा पत्ता घालून आकडा वाचून दाखविला, तेव्हा टाळ्या थांबल्या, आणि गाडी आठवड्यातून फार तर एकदा बोलवावी अशी दुरुस्ती आली. मावशी चहाचे कप उचलावयास आल्या होत्या. सचिवांनी त्यांचे मत विचारले. त्या म्हणाल्या, “गाडी आमच्या गल्लीत येतच नाही साहेब. फाटकापाशी या म्हणतो, नाहीतर सरळ हायवेला या म्हणतो. हायवेपर्यंत चालत आले तर तिथून मला टेम्पो मिळतो की! त्यापेक्षा तेवढे पैसे हातावर द्या, मी येते माझी कशीतरी.”

सूचना बिनतोड होती, खर्च निम्म्याहून कमी होता, आणि मावशी शब्दाच्या पक्क्या होत्या. पण खजिनदारांनी हरकत घेतली. ॲपच्या गाडीची पावती मेलवर येते, ती हिशेबतपासनिसास दाखविता येते. टेम्पोवाला पावती देणार आहे काय, असा त्यांचा सवाल होता. मावशींनी टेम्पोवाल्यास विचारून सांगते असे म्हटले, आणि विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला.